आवृत्त्यांचा हिशेब

शाळेच्या संगणककक्षातील वीस यंत्रांनी तीच सामग्री आंतरजालावरून वीस वेळा उतरवून घ्यावी, यात वेळेचा व पैशाचा केवढा अपव्यय आहे! म्हणून लिनक्स वापरणाऱ्या अनेक संस्था आपल्याच एका यंत्रावर आज्ञावलींचे भांडार ठेवतात आणि बाकीची यंत्रे तेथून आपला शिधा नेतात. या भांडारातील प्रत्येक गठ्ठ्यास 'पॅकेज' म्हणतात. माल साठविणे सोपे. नवा कोणता व जुना कोणता हे बिनचूक ठरविणे अवघड. १९९३ साली आरंभ झालेल्या 'डेबियन' या लिनक्स प्रणालीत हे कसे ठरते, ते पाहू.

'१:२.१०-३' हा क्रमांक घ्या. अपूर्णविरामापूर्वीचा अंक 'युग' दर्शवितो. मधला भाग मूळ कर्त्याने दिलेला. संयोगचिन्हानंतरचा भाग डेबियनच्या बांधणीचा. तुलना डावीकडून उजवीकडे होते. गणिताच्या तासाला २.९ ही संख्या २.१० हून मोठी. येथे मात्र २.१० ही आवृत्ती नवी ठरते, कारण टिंबापुढील अंक दशांश नसून पूर्ण संख्या आहेत. तसेच '~' हे चिन्ह जोडलेली आवृत्ती मूळ आवृत्तीच्या आधी लागते. प्रायोगिक आवृत्तीसाठी ते फार सोयीचे. मूळ कर्त्याने २०२३ सोडून पुन्हा १.० पासून मोजणी सुरू केली, तर युग वाढवून '१:१.०' असे लिहितात. परंतु एकदा वाढविलेले युग त्या पॅकेजला कायमचे चिकटते. म्हणून हा उपाय जपून योजावा.

आता भांडार अद्ययावत करण्याचे तीन नियम सांगतो.

पहिला : एका क्रमांकाला एकच माल. पॅकेजात एक अक्षर बदलले तरी नवा क्रमांक द्यावा. नाहीतर दोन यंत्रे एकच क्रमांक सांगतील आणि वागतील मात्र निरनिराळी. मग दोष शोधावा कोठे? शिवाय सूचीत प्रत्येक फाइलचा ठसा नोंदलेला असतो. तो न जुळल्यास 'ॲप्ट' ही आज्ञावली तो माल नाकारते. स्थानिक बदल केल्यास '२.१०-३+शाळा१' अशा धर्तीचा क्रमांक द्यावा (प्रत्यक्षात तो रोमन अक्षरांत लिहावा लागतो). तो २.१०-३ च्या पुढे, पण २.१०-४ च्या मागे राहतो.

दुसरा : जुनी आवृत्ती लगेच फेकू नये. सूची तयार करणारे साधे साधन, वेगळे न सांगितल्यास, केवळ सर्वांत नवी आवृत्तीच सूचीत घेते. 'ॲप्टली'सारखे साधन भांडाराच्या त्या त्या दिवशीच्या स्थितीची प्रतिमा जपून ठेवते.

तिसरा : आधी एका यंत्रावर पारख, मग सर्वांना वाटप. ॲप्ट आपण होऊन मागील आवृत्तीकडे वळत नाही. सक्तीने वळविले, तरी नव्या आवृत्तीने बदललेली माहिती जुनीला वाचता येईलच असे नाही. २.११ सदोष निघाली, तर डेबियनमध्ये '२.११+रिअली२.१०-१' असा वरचढ क्रमांक देऊन जुनाच माल पुढे करण्याची रीत आहे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वीसही यंत्रांवरील टंकलेखन बंद पडले, तर नुकसान यंत्रांचे नव्हे, मुलांचे होते. म्हणून भांडारी जागरूक हवा. ज्याची नोंद चोख, त्याचे कोठार सुरक्षित.