संदर्भ सापडत नाही : पायथनमधली हरवलेली लायब्ररी

दिवाळीच्या सुट्टीआधी आपल्या मंडळाच्या सरांना एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. त्यांच्या धाकट्या भावाची एक कविता आपल्या कुठल्या तरी जुन्या अंकात छापून आली होती. भाऊ आता नाही. कवितेचं नाव त्यांना आठवत नव्हतं, सालही नक्की नव्हतं, पावसावरची होती एवढंच ठाऊक. सरांनी काम माझ्याकडे दिलं.

जुने अंक आहेत, पण कसे? एका पेन ड्राइव्हवर, वर्डच्या आणि पीडीएफच्या फायलींचा नुसता ढीग. त्याच ढिगात एका सीनिअर दादाने लिहिलेला छोटा पायथन प्रोग्राम सापडला. फोल्डर दाखवायचं, शब्द द्यायचा, की तो शब्द कुठल्या फायलीत आहे ते प्रोग्राम सांगतो. दादा पास होऊन पुण्याला नोकरीला गेला. त्याच्या लॅपटॉपवर हे सगळं छान चालायचं. मी बेळगावात माझ्या लॅपटॉपवर सुरू केलं आणि शेवटी एक ओळ आली : मॉड्यूल-नॉट-फाउंड-एरर, नो मॉड्यूल नेम्ड डॉकएक्स.

(या लेखात आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी ठेवून द्यायच्या.)

मला वाटलं, प्रोग्राम बिघडला. मी एक तास त्यातल्या ओळी वाचत बसले. त्यात काहीच चूक नव्हती. वर्डची फाइल उघडून आतला मजकूर काढणं हे बरंच किचकट काम आहे, आणि दादाने ते स्वतः लिहिलेलं नव्हतं. ते दुसऱ्या कोणी तरी आधीच लिहून सर्वांसाठी मोफत ठेवलेलं आहे. अशा तयार कोडच्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. दादाच्या प्रोग्रामच्या वर फक्त ‘इम्पोर्ट डॉकएक्स’ एवढी ओळ होती, म्हणजे एक संदर्भ. पेन ड्राइव्हवरून प्रोग्राम आला, लायब्ररी दादाच्या लॅपटॉपवरच राहिली. तळटीपेत ग्रंथाचं नाव आहे आणि तो ग्रंथ आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात नाही, तसंच हे. अशा वेळी आपण प्रबंध दुरुस्त करत नाही, ग्रंथ मागवतो.

ग्रंथ मागवण्यासाठी पायथनकडे ‘पिप’ आहे. तो पायपीआय नावाच्या सार्वजनिक भांडारातून लायब्ररी उतरवून घेतो. मी लगेच ‘पिप इन्स्टॉल डॉकएक्स’ लिहिलं. इन्स्टॉल झालं! प्रोग्राम पुन्हा चालवला, तर आता नवीन तक्रार : नो मॉड्यूल नेम्ड एक्सेप्शन्स. हे नाव तर दादाच्या प्रोग्राममध्ये कुठेच नव्हतं.

इथेच माझी पूर्ण संध्याकाळ गेली, म्हणून जरा थांबून सांगते. इम्पोर्टच्या ओळीत असतं ते नाव आणि भांडारात असतं ते नाव, ही दोन एकच असतील असं नाही. आपल्याला हवी ती लायब्ररी भांडारात ‘पायथन-डॉकएक्स’ या नावाने आहे. नुसत्या ‘डॉकएक्स’ नावाचं तिथे एक वेगळंच जुनं पॅकेज आहे, पायथन 2 च्या काळातलं, जे पायथन 3 मध्ये चालत नाही. मी तेच आणलं होतं. टोपणनाव आणि खरं नाव यांतला हा घोळ आपल्याला नवा नाही. कुसुमाग्रज शोधायचे आणि सूचीत शिरवाडकर लावलेले असायचे. पायथनमध्ये अशा जोड्या पुष्कळ आहेत. इम्पोर्ट करताना ‘पीआयएल’, पण आणायचं ‘पिलो’. इम्पोर्ट ‘बीएस4’, आणायचं ‘ब्यूटिफुलसूप4’. इम्पोर्ट ‘सीव्ही2’, आणायचं ‘ओपनसीव्ही-पायथन’. त्यामुळे एररमधलं नाव तसंच पिपला देऊ नका. आधी त्या लायब्ररीच्या अधिकृत माहितीपानावर इन्स्टॉल करायची ओळ बघा. याला आणखी एक कारण आहे. प्रसिद्ध नावात एखादं अक्षर बदलून घातक कोड भांडारात ठेवणारे लोकही असतात. अंदाजाने नाव टाइप करणं तिथे महागात पडू शकतं.

चुकीचं पॅकेज काढलं, बरोबर आणलं. तरी पहिलीच एरर परत! आता मात्र रडू यायचं बाकी होतं.

या वेळी कारण वेगळं होतं. माझ्या लॅपटॉपवर दोन पायथन होते, एक मी स्वतः टाकलेला आणि एक अ‍ॅनाकोंडाबरोबर आलेला. पिपने लायब्ररी एकाच्या घरी ठेवली आणि प्रोग्राम दुसऱ्याच्या घरी चालत होता. यावर उपाय सोपा आहे : नुसतं ‘पिप’ न म्हणता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल पायथन-डॉकएक्स’ म्हणायचं. मग ज्या पायथनला हाक मारली त्याच्याच घरी सामान जातं. व्हीएस कोड वापरत असाल तर खाली उजव्या कोपऱ्यात कुठला पायथन निवडलेला आहे ते दिसतं. तो चुकीचा असेल तर लायब्ररी असूनही इम्पोर्टच्या ओळीखाली नागमोडी रेघ राहते.

मध्येच मी एक मूर्खपणाही केला. लायब्ररी चालते का हे बघायला छोटी फाइल केली आणि तिला नाव दिलं ‘डॉकएक्स डॉट पीवाय’. पायथन आधी प्रोग्रामच्या शेजारचं फोल्डर बघतो, लायब्ररी नंतर. त्याने माझीच फाइल लायब्ररी समजून उचलली. फाइलला लायब्ररीचं नाव देऊ नका, एवढंच.

वर्डच्या फायली वाचल्या जाऊ लागल्या, पण पीडीएफवर प्रोग्राम पुन्हा अडला. आणि हा भाग मला साहित्याची विद्यार्थिनी म्हणून सगळ्यात जवळचा वाटला. दादाने ‘पायपीडीएफ2’ वापरली होती, ती मी आणली, नावही बरोबर होतं. पण त्याच्या कोडमध्ये ‘पीडीएफ-फाइल-रीडर’ असं म्हटलं होतं आणि 3.0.0 या आवृत्तीपासून ते काढून टाकून ‘पीडीएफ-रीडर’ केलेलं आहे. म्हणजे ग्रंथ मिळाला, पण आवृत्ती वेगळी. ज्ञानेश्वरीची ओवी सांगितली की आपले सर लगेच विचारतात, “कुठली प्रत? एकनाथी की राजवाडे?” 1584 साली एकनाथांना शुद्ध प्रत तयार करावी लागली ती पाठभेदांमुळेच. पायथनमध्येही लायब्ररीचं नुसतं नाव सांगून भागत नाही, प्रत सांगावी लागते.

इथे दोन वाटा होत्या. एक, जुनी आवृत्ती मुद्दाम मागवायची; पिपला आवृत्तीचा आकडा देता येतो. दुसरी, कोड नव्या आवृत्तीप्रमाणे बदलायचा. ‘पायपीडीएफ2’ आता थांबलेली आहे आणि तिचं काम ‘पायपीडीएफ’ या नावाने पुढे चालू आहे, म्हणून मी दुसरी वाट घेतली. तीन-चार नावं बदलली, झालं. घाई असती तर मी पहिलीच घेतली असती, आणि त्यात काही लाज नाही.

हे सगळं टाळता आलं असतं. दादाने ‘पायथन -एम पिप फ्रीझ’ ही आज्ञा देऊन निघणारी यादी ‘रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी’ फायलीत ठेवली असती तर मला ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर’ आणि त्या फायलीचं नाव, एवढंच लिहावं लागलं असतं. त्या यादीत प्रत्येक लायब्ररीपुढे आवृत्तीचा आकडाही येतो. फक्त यादी काढण्याआधी ‘व्हीएनव्ही’ने प्रोजेक्टपुरतं वेगळं घर करून घ्या, नाहीतर लॅपटॉपवरच्या सगळ्या लायब्ररी यादीत येतात. यादी केली म्हणजे कायमची निश्चिंती असंही नाही. मार्च 2016 मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघी 11 ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने काढून घेतली आणि जगभरचे कितीतरी प्रोजेक्ट तयार होता होता अडले.

तिसऱ्या संध्याकाळी मी भावाचं आडनाव टाकलं. पीडीएफमधून काहीच मिळालं नाही. पीडीएफमधला देवनागरी मजकूर काढला की वेलांट्या आणि जोडाक्षरं कित्येकदा इकडची तिकडे होतात, त्यामुळे तो शोध अजून अर्धवटच आहे. पण वर्डच्या एका फायलीत नाव निघालं. कविता पावसावरची नव्हती, विहिरीवरची होती. सरांनी बाईंना ती पाठवली. त्यांचा लगेच फोन आला आणि त्यांनी ती मलाच मोठ्याने वाचून दाखवली.

पेन ड्राइव्ह मंडळाच्या कपाटात आहे. प्रोग्रामशेजारी आता यादीची फाइल ठेवली आहे, आवृत्त्यांसकट. पीडीएफच्या वेलांट्यांचं काम कुणाला घ्यायचं असेल तर मला भेटा.