विदेशी नाव, मराठवाड्याचं पाणी: बिअरचा खरा हिशेब

बिअर शॉपीच्या काचेच्या फ्रिजपुढं उभं राहिलं की निम्मा युरोप मांडून ठेवलेला दिसतो. डच, डॅनिश, बेल्जियन, शेजारी अमेरिकन आणि मेक्सिकन. एकाच मापाच्या दोन बाटल्यांच्या भावात पन्नास-साठ रुपयांचा फरक सहज सापडतो. हा फरक कशाचा? पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. २००९ मध्ये चाकणला फोक्सवागन आणि मर्सिडीज यांचे कारखाने सुरू झाले, आजूबाजूला जपानी आणि कोरियन कंपन्या आल्या, आणि कंपनीच्या खर्चानं तिकडं जाऊन आलेल्यांची संख्या वाढली. म्युनिकला प्यालेली ती गढूळ, केळ्याच्या वासाची बिअर इथं कुठं आणि कितीला मिळते, असं विचारणारं गिऱ्हाईक याच पट्ट्यात तयार झालं.

त्याला पहिला सल्ला असा, की बाटली उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचा. बिअर कुठं बनवली, कुठं भरली, हे तिथं छापलेलं असतं. हायनेकन नाव डच, पण २०११ पासून ती नवी मुंबईजवळच्या तळोज्यात बनू लागली. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात तर यूबी, कार्ल्सबर्ग आणि एबी इनबेव या तिन्ही बड्या कंपन्यांचे बिअर कारखाने आहेत. पाणी जायकवाडीचं. २०१६ च्या दुष्काळात या कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं दिला होता, तेव्हा राज्याला या उद्योगाचा आकार पहिल्यांदा नीट कळला.

इथं बनली म्हणून बिअर वाईट ठरत नाही. कृती तीच, यीस्ट तेच, आणि कारखाना जवळ असेल तर माल उलट ताजा. पण मग जादा पैसे देताना आपण हॉलंड किंवा डेन्मार्क विकत घेत नाही, लेबल घेतो, एवढं लक्षात असावं. खरोखर जहाजातून आलेल्या बाटलीवर आयातदाराचं नाव-पत्ता छापलेला असतो. तिच्यावर शंभर टक्क्यांच्या घरात आयात शुल्क, वर राज्याचे कर, म्हणून ३३० मिलिलिटरची बाटली साडेतीनशे-चारशेच्या पुढं जाते. त्यात पुन्हा हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतली बिअर उजेडानं बिघडते आणि हॉप्सचा सुवास महिन्यागणिक उडून जातो. माझं मत स्पष्ट आहे: आयात केलेली साधी लेगर म्हणजे पैसे वाया. बेल्जियमच्या मठांतली आठ-नऊ टक्क्यांची गडद बिअर मात्र टिकते, काही प्रकार तर ठेवल्यावर सुधारतात. आयातीचे पैसे मोजायचेच असतील तर तिथं मोजा.

आता मोजमापाकडे. भाव बाटलीचा नव्हे, शंभर मिलिलिटरचा धरावा. मोठी बाटली ६५० मिलिलिटरची, टिन बहुधा ५०० चा, आणि आपण ज्याला पाइंट म्हणतो ती ३३० ची छोटी बाटली. पबमध्ये पाइंट मागितला तर ग्लास ३३० चा आहे, ५०० चा की त्याहून मोठा, हे आधी विचारा. इंग्रजांचा पाइंट ५६८ चा असतो. देशी लेगरची मोठी बाटली शॉपीत साधारण १६० ते २०० रुपयांत येते. १८० धरले तर शंभर मिलिलिटरला २८ रुपये पडतात. तीच परमिट रूममध्ये २७० ला मिळाली आणि वर व्हॅट लागला, की ४६. ताज्या बिअरचा ५०० चा ग्लास ३०० ते ४५० रुपयांना जातो. ४०० धरून व्हॅटसह ८८. आयात केलेली छोटी बाटली ४०० ला घेतली तर १२१. हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, तुमच्या दुकानात पाच-पंधरा रुपये इकडेतिकडे होतील. प्रमाण फारसं बदलणार नाही.

दुसरं माप ताकदीचं. नियमानं पाच टक्क्यांपर्यंत माइल्ड, त्यापुढं आठपर्यंत स्ट्राँग. स्ट्राँगची ६५० ची बाटली साडेसात टक्क्यांची असेल तर तिच्यात ४९ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं, माइल्डच्या बाटलीत ३१ च्या आसपास. भावात फरक मात्र बऱ्याचदा दहा-वीस रुपयांचाच. आपल्याकडं स्ट्राँग का खपते, याचं उत्तर या दोन ओळींत आहे. चवीशी त्याचा संबंध कमी. पण याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये जवळपास २६ मिलिलिटर अल्कोहोल असतं. म्हणजे स्ट्राँगची एक मोठी बाटली म्हणजे जवळजवळ दोन मोठे पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा.

मग कुठल्या देशाची तऱ्हा पैसे मोजण्याजोगी? सुरुवात बोहेमियातल्या पिल्झेन गावापासून करू, कारण आपल्या फ्रिजमधल्या बहुतेक बाटल्या त्याच गावाच्या लांबच्या नातेवाईक आहेत. १८४२ मध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिरानं तिथलं मऊ पाणी, फिकट माल्ट आणि स्थानिक हॉप्स यांतून सोनेरी, निवळ लेगर बनवली. अस्सल पिल्सनर साध्या वरणासारखी असते, काही बिघडलं तर लपवायला जागा नाही. आपल्या कारखान्यांतल्या अनेक लेगरमध्ये जवाच्या माल्टबरोबर तांदळाचे पोहे किंवा साखर असते. त्यानं खर्च उतरतो आणि चवही हलकी होते. लेबलावरची घटकांची यादी वाचली की कळतं. कोरियन आणि जपानी बिअरही याच हलक्या घराण्यातली. जपानात तर माल्टच्या प्रमाणावर कर असल्यानं कमी माल्टचा ‘हाप्पोशू’ हा प्रकारच जन्माला आला. सरकारी कर चव ठरवतो, हे फक्त आपल्याकडंच घडतं असं नाही. या घराण्यासाठी शॉपीतल्या थंड बाटलीपलीकडं खर्च करायची गरज नाही.

जर्मनांची गोष्ट वेगळी. १५१६ मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकनं काढलेला शुद्धतेचा हुकूम सगळ्यांना ठाऊक असतो: जव, हॉप्स आणि पाणी, बस्स. त्याच हुकमात बिअरचा कमाल भावही बांधून दिला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. हिवाळ्यात मापाला एक फेनिग, उन्हाळ्यात दोन. आजच्या ऑक्टोबरफेस्टला तो ड्यूक आला तर त्याला घेरी येईल. २०२४ मध्ये तिथं लिटरचा मग १३.६० ते १५.३० युरोला होता, म्हणजे बाराशे-चौदाशे रुपये. त्या मानानं पुण्यातली जर्मन पद्धतीची ताजी बिअर स्वस्तच म्हणायची. म्युनिकची ती गढूळ बिअर म्हणजे हेफेवायझेन. निम्म्याहून जास्त गव्हाचं माल्ट, आणि केळं-लवंगेचा वास येतो तो केवळ यीस्टमुळं. आत केळंही नसतं, लवंगही नसते. ही बिअर ताजीच प्यावी लागते. म्हणून हिच्यासाठी आयात बाटलीपेक्षा जवळची मायक्रोब्रुअरी बरी.

बेल्जियमची विटबिअर मराठी जिभेला सर्वांत लवकर पटते असं माझं निरीक्षण आहे. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल पडते. हुगार्डन गावात ही पद्धत बंद पडली होती. पिएर सेलिस या दूधवाल्यानं १९६० च्या दशकात ती पुन्हा उभी केली. तिखट चखण्याबरोबर, सुक्या बोंबलाबरोबरसुद्धा, ही चांगली जाते. इंग्रजांची आयपीए नावात इंडिया घेऊन फिरते, कारण अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लंडनहून मुंबई-कलकत्त्याला निघणाऱ्या जहाजांवर जादा हॉप्सची बिअर टिकायची. ती कडू असते, त्यामुळं पहिल्यांदा घेणाऱ्यानं पूर्ण ग्लास मागवू नये. आयर्लंडची काळीकुट्ट स्टाउट दिसते जबरी, पण गिनेसची नेहमीची ड्राफ्ट ४.२ टक्क्यांची, आपल्या माइल्डहूनही सौम्य. रंगावरून ताकद ठरवू नका.

हे सगळं ताजं कुठं मिळतं? पुण्यात २००९ मध्ये कोरिंथियन्स क्लबमध्ये डूलाली सुरू झाली, राज्यातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी ती एक. तिचा ब्रुअर ऑलिव्हर शाउफ हा जर्मन. पुढं मुंढव्यात इंडिपेन्डन्स, कोरेगाव पार्कात एफिंगट अशी नावं वाढत गेली, आणि आता बाणेर-बालेवाडी पट्ट्यातही पर्याय आहेत. तिथं गेल्यावर आधी सॅम्पलर मागवा. चार-सहा छोटे ग्लास येतात, खर्च जवळपास एका मोठ्या ग्लासाइतका, आणि न आवडलेल्या प्रकारावर चारशे रुपये जात नाहीत. ‘एकावर एक’ची वेळ असेल तर ती कुठल्या बिअरवर लागू आहे ते विचारा, बऱ्याचदा ती साध्या लेगरवरच असते.

चौघांच्या एका संध्याकाळचा ढोबळ हिशेब मांडतो. प्रत्येकी साधारण एक लिटर बिअर धरली आहे. बालेवाडीत ४०० चे आठ ग्लास म्हणजे ३२००, त्यावर दहा टक्के व्हॅट ३२०, खाणं १६००, त्यावर पाच टक्के जीएसटी ८०, चाकणहून तीसेक किलोमीटरच्या जाण्यायेण्याची टॅक्सी १४०० धरा. झाले ६६००, म्हणजे डोई १६५०. परमिट रूममध्ये २७० च्या सहा बाटल्या, करासह १७८२, खाणं करासह ८४०. एकूण २६२२, डोई ६५५. घरी १८० च्या सहा बाटल्या आणि चारशेचा चखणा, १४८०, म्हणजे डोई ३७०. मायक्रोब्रुअरी दर आठवड्याला कुणाच्याच खिशाला झेपणारी नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, मुद्दाम वेगळी चव घ्यायला जायची ती जागा आहे. तिथं जाऊन पुन्हा लेगरच मागवायची असेल तर घर बरं.

टॅक्सीचा आकडा वाचवायचा तर पिंपरीहून मेट्रो आहे. शिवाजीनगरच्या न्यायालय स्थानकात गाडी बदलून कोरेगाव पार्क-कल्याणीनगरकडे जाता येतं, कमाल भाडं ३५ रुपये. परतीची शेवटची गाडी रात्री किती वाजता आहे ते निघतानाच बघून ठेवा. स्वतःची गाडी नकोच. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळीच दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

परवान्याचे पैसेही हिशेबात धरा, ते किरकोळ आहेत. राज्यात बिअरसाठी वय २१, दारूसाठी २५. पिण्याचा परवाना एका दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार. आणि घरच्या घरी बिअर बनवण्याचे व्हिडिओ कितीही सोपे वाटले तरी विनापरवाना ती बनवणं गुन्हा आहे. देहू-आळंदीच्या परिसरात राहणाऱ्यांनी पालखीच्या दिवसांत स्थानिक आदेश बघून घ्यावा, दुकानं बंद असू शकतात. आदल्या संध्याकाळी जादा भावानं विकणारे तेव्हा हमखास उगवतात.

बिल आलं की तीन ओळी तपासा. बिअरवर जीएसटी लागत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट. परमिट रूममध्ये तो १ नोव्हेंबर २०२३ पासून पाचावरून दहा टक्के झाला. जीएसटी फक्त खाण्यावर. सेवा शुल्क, म्हणजे सर्व्हिस चार्ज, ऐच्छिक आहे; ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. काढून टाका म्हटलं की काढावं लागतं. बारमध्ये मेन्यूचा भाव छापील किमतीपेक्षा जास्त असू शकतो, शॉपीत मात्र नाही. ‘कूलिंग चार्ज’ म्हणून पाच-दहा रुपये वर मागितले तर पावती मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवा. फोन मोफत आहे.