गोल्फचा फटका आणि मागच्या हाताचे कार्य

गोल्फच्या चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये आणि त्याचे वजन 45.93 ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, असा नियम आहे. हा लहानसा चेंडू जमिनीवर स्थिर असतो. गोलंदाजाने टाकलेल्या चेंडूप्रमाणे तो वळत नाही की उसळत नाही. खेळाडूला हवा तेवढा वेळ घेऊन, हवा तसा पवित्रा घेऊन त्यावर फटका मारावयाचा असतो. तरीही अचल चेंडूवरचा हा फटका सर्व खेळांतील अत्यंत अवघड कृतींपैकी एक मानला जातो. क्लबचे डोके आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरताच, म्हणजे 0.0005 सेकंद टिकतो. फटका बसल्याची जाणीव खेळाडूच्या मेंदूपर्यंत पोहोचते तेव्हा चेंडू क्लबला सोडून केव्हाच पुढे गेलेला असतो. याचा अर्थ असा की, स्पर्शाच्या क्षणी खेळाडू काहीही दुरुस्त करू शकत नाही. जे काही ठरावयाचे ते त्यापूर्वीच ठरलेले असते, आणि ते ठरविण्यात मागच्या हाताचा वाटा फार मोठा असतो.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा आणि डावखुऱ्या खेळाडूचा डावा, असा जो हात लक्ष्यापासून दूरच्या बाजूला असतो, त्याला येथे ‘मागचा हात’ म्हटले आहे. लक्ष्याच्या बाजूचा तो ‘पुढचा हात’.

बंगळूरचे गोल्फ

भारतात गोल्फ इंग्रजांबरोबर आले. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 साली स्थापन झाला. ब्रिटनबाहेरचा तो सर्वांत जुना गोल्फ क्लब होय. बंगळूरच्या छावणीत हा खेळ रुजल्यावर 1876 साली बंगलोर गोल्फ क्लब अस्तित्वात आला. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात कर्नाटक गोल्फ असोसिएशनने जुन्या विमानतळाजवळ आपले मैदान उभारले. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरचे हे शहर या खेळाला मानवते. हवा सौम्य असते. उंचीमुळे ती समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे आठ टक्के विरळही असते, त्यामुळे चेंडूला होणारा विरोध थोडा कमी होतो. मुंबईहून बंगळूरला आलेल्या खेळाडूला आपला फटका एकाएकी सुधारला असे वाटते, त्यामागे पुष्कळदा हे साधे कारण असते.

या शहराने देशाला अनेक खेळाडू दिले. कॅडी म्हणून इतरांच्या क्लबची पिशवी वाहता वाहता खेळ आत्मसात केलेले सी. मुनियप्पा 2009 साली इंडियन ओपन स्पर्धेचे विजेते झाले. 1987 साली पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरी यांनी बंगळूरमध्ये विजय दिवेचा यांच्या मार्गदर्शनाखाली आपला खेळ घडविला आणि 2015 साली अमेरिकेतील पी. जी. ए. चॅम्पियनशिपमध्ये पाचवे स्थान विभागून मिळविले. 1998 साली जन्मलेली अदिती अशोक बालवयातच कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानावर खेळावयास शिकली. तिची कहाणी या विषयाशी विशेष निगडित असल्याने तिच्याकडे शेवटी वळावयाचे आहे.

दोन हात, दोन कामे

नवशिक्याला गोल्फमध्ये पहिला उपदेश मिळतो तो पुढचा हात सरळ ठेवण्याचा. हा उपदेश चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. पुढचा हात ही वर्तुळाची त्रिज्या होय. ती स्थिर राहिली तर क्लबचे डोके ज्या मार्गाने गेले त्याच मार्गाने परत येण्याची शक्यता वाढते. मागच्या हाताचे काम मात्र अगदी निराळे आहे. त्याने दुमडावयाचे असते, योग्य वेळेपर्यंत दुमडलेलेच राहावयाचे असते आणि नंतर सरळ व्हावयाचे असते. एक हात माप राखतो, दुसरा वेळ राखतो. माप बरोबर असूनही वेळ चुकली तर फटका फसतो.

अलेस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी 1968 साली प्रसिद्ध केलेल्या शास्त्रीय अभ्यासात गोल्फच्या फटक्याची कल्पना एकमेकांना जोडलेल्या दोन दांड्यांच्या लंबकासारखी केली आहे. वरचा दांडा म्हणजे हात, खालचा दांडा म्हणजे क्लब, आणि दोहोंमधील बिजागरी म्हणजे मनगटे. शेतात पाखरे हाकणाऱ्या राखणदाराची गोफण ज्याने पाहिली असेल त्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. हात आधी फिरतो, गोफणीतला दगड मागे राहतो. हाताचा वेग मंदावू लागला की दगड वेगाने पुढे झेपावतो. राखणदाराने घाई करून दगड आधीच पुढे लोटण्याचा प्रयत्न केला, तर तो पायाजवळच पडेल. गोल्फच्या क्लबचेही असेच आहे. हात आणि क्लब यांमधील कोन जितका उशिरापर्यंत टिकेल, तितका चेंडूपाशी क्लबचा वेग अधिक राहील. हा कोन अकाली मोडण्याचा दोष बहुतेक वेळा मागच्या हाताकडे जातो, कारण तो बहुधा अधिक बलवान असतो आणि अधिक उतावळाही असतो.

म्हणून मागच्या हाताचा उपयोगच करू नये, असाही एक समज पूर्वी प्रचलित होता. तो टिकणारा नाही. अमेरिकेचे थोर खेळाडू बेन होगन यांनी 1957 सालच्या आपल्या पुस्तकात मागचे कोपर नितंबाजवळून पुढे येण्यावर भर दिला. होमर केली यांनी 1969 साली शक्तिसंचयाची चार स्थाने सांगितली, त्यांत वाकलेल्या मागच्या हाताला पहिला क्रमांक दिला. बळ मागच्या हातात आहेच. ते कोठे खर्च करावयाचे हे त्याला शिकवावे लागते.

हालचालीचे टप्पे

पहिला टप्पा उभे राहण्याचा. क्लबच्या मुठीवर मागचा हात पुढच्या हातापेक्षा खाली असतो, त्यामुळे मागचा खांदाही किंचित खाली असावयास हवा. मागचे कोपर थोडे सैल, किंचित वाकलेले आणि नितंबाच्या दिशेने वळलेले असावे. ते ताठ असेल तर मागचा खांदा पुढे येतो आणि चूक फटक्यापूर्वीच सुरू होते.

दुसरा टप्पा क्लब मागे नेण्याचा. प्रारंभी छाती आणि दोन्ही हात एकत्र वळतात. क्लब कमरेच्या उंचीपर्यंत आल्यावर मागचे कोपर दुमडू लागते. फटक्याच्या शिखरावर त्याचा कोन साधारणपणे काटकोनाच्या जवळ असतो, आणि पाणी भरलेले ताट एका तळहातावर तोलून धरणाऱ्या वाढप्याप्रमाणे मनगट मागे वाकलेले असते. कोपराचे टोक बहुतांशी जमिनीकडे असावे. जॅक निकलस यांचे कोपर शिखरावर शरीरापासून दूर जात असे, आणि तरीही ते जगज्जेते झाले. परंतु खाली येताना ते आपल्या योग्य जागी परत येत असे, ही गोष्ट त्यांचे अनुकरण करणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही.

तिसरा टप्पा खाली येण्याचा, आणि तोच निर्णायक. येथे सुरुवात पायांपासून व कमरेपासून व्हावयास हवी. कमर लक्ष्याकडे वळू लागली की मागचे कोपर बरगड्यांच्या जवळून, शरीराच्या बाजूने पुढच्या बाजूस येते. तळ्याच्या पाण्यावर चपटी ठिकरी भिरकावणारे मूल नकळत हीच क्रिया करते. कोपर आधी पुढे येते, पंजा मागे राहतो आणि ठिकरी शेवटी सुटते.

चौथा टप्पा स्पर्शाचा. या क्षणी मागचे कोपर अजून किंचित वाकलेले असते आणि मनगटही मागे वाकलेले असते. त्यामुळे हात क्लबच्या डोक्यापेक्षा थोडे पुढे असतात. मागचा हात पूर्णपणे सरळ होतो तो चेंडू निघून गेल्यावर. त्या क्षणी दोन्ही हात काही काळ सरळ दिसतात, आणि मग पुढचे कोपर दुमडू लागते.

दोष कसे उद्भवतात

क्लबचे डोके वर्तुळाकार मार्गाने फिरते, आणि त्या मार्गाला एक सर्वांत खालचा बिंदू असतो. जमिनीवरच्या चेंडूला आयर्नने मारताना हा बिंदू चेंडूच्या थोडा पुढे असावा लागतो. तसे झाल्यास क्लब आधी चेंडूला आणि मग हिरवळीला लागतो. मागचा हात वेळेपूर्वी सरळ झाला तर हा बिंदू चेंडूच्या मागे सरकतो. मग दोनच गोष्टी संभवतात. क्लब आधी मातीत रुततो आणि चेंडू जेमतेम पुढे जातो, किंवा क्लब वर चढू लागल्यावर त्याची धार चेंडूच्या मध्याला लागून तो जमिनीलगत सुसाट धावतो. हे दोन दोष परस्परविरुद्ध भासले तरी त्यांचे मूळ पुष्कळदा एकच असते. नवशिक्या मात्र पहिल्यावर एक आणि दुसऱ्यावर दुसराच उपाय शोधीत राहतो.

या घाईच्या मुळाशी एक भाबडी समजूत आहे. चेंडू हवेत जावयाचा असेल तर आपण तो खालून उचलला पाहिजे, असे मनाला वाटते, आणि मागचा पंजा पळीसारखा पुढे येतो. वास्तविक चेंडूला वर नेण्याचे काम क्लबच्या तिरप्या तोंडावर सोपविलेले असते. जुन्या घडणीच्या सात क्रमांकाच्या आयर्नचे तोंड सुमारे 35 अंशांनी कललेले असते. एवढा कल चेंडूला उंच नेण्यास पुरेसा आहे. टीवर ठेवलेला चेंडू ड्रायव्हरने मारताना मात्र क्लब किंचित वर जात असतानाच स्पर्श होणे इष्ट असते. तेथे चेंडू पुढच्या पायाजवळ ठेवावा, मागच्या हाताची पद्धत बदलू नये.

आणखी एक दोष असा की, खाली येताना मागचे कोपर शरीराबाहेर राहते आणि खांदा पुढे ढकलला जातो. क्लब मग बाहेरून आत कापत येतो, आणि त्याचे तोंड उघडे असल्यास चेंडू उजव्या हाताच्या खेळाडूपासून उजवीकडे वळत जातो. बंगळूरच्या वृक्षांनी वेढलेल्या मैदानांत अशा चेंडूचे काय होते हे सांगणे नको.

अभ्यास

या हालचालीसाठी महागडी साधने लागत नाहीत. पहिला अभ्यास असा : दुमडलेला पंचा मागच्या काखेत हलकेच धरावा आणि कमरेच्या उंचीपर्यंतचे छोटे फटके मारावेत. स्पर्शापूर्वी पंचा पडल्यास कोपर शरीरापासून दूर गेले असे समजावे. पूर्ण फटक्यात मात्र पंचा सुटणे स्वाभाविक आहे. दुसरा अभ्यास एकट्या मागच्या हाताचा. आखूड क्लब थोडा खाली धरून, वीस-पंचवीस पावलांपर्यंत चेंडू जाईल इतकाच फटका मारावा. बळ लावताच चेंडू बिघडतो, हा अनुभवच शिक्षकाचे काम करतो. तिसऱ्या अभ्यासात चेंडूच नसावा. जमिनीवर खडूने एक रेघ ओढावी आणि क्लबचा घाव रेघेच्या लक्ष्याकडील बाजूस पडतो की नाही ते पाहावे. सलग दहा घाव योग्य बाजूस पडू लागल्यावर चेंडू ठेवावा.

अभ्यास बेताचा असावा. मनगट व बोटे वाकविणाऱ्या स्नायूंचे कंडर कोपराच्या आतील बाजूस जोडलेले असतात. मुठीची पकड आवळून, पुनःपुन्हा जमिनीवर आघात करीत राहिल्यास तेथे दुखणे उद्भवते, आणि ते बहुधा मागच्याच हाताला होते. वेदना होत असता खेळत राहणे म्हणजे चिकाटी नव्हे. विश्रांती घ्यावी आणि दुखणे न थांबल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

लांबी आणि अचूकता

मागच्या हाताला संयम शिकविण्यास इतके महत्त्व का द्यावयाचे, याचे उत्तर 7 ऑगस्ट 2021 या दिवसाने दिले. टोकियो ऑलिंपिकमधील महिलांच्या गोल्फ स्पर्धेचा तो अखेरचा दिवस होता. अदिती अशोक त्या वर्षी कोविडमधून उठून मैदानात उतरली होती. तिचे टीवरचे फटके स्पर्धेतील सर्वांत आखूड फटक्यांत मोडत होते, आणि तिच्या प्रतिस्पर्धी तिच्या कितीतरी पुढे चेंडू टाकीत होत्या. असे असूनही चार फेऱ्यांअखेर तिने 269 फटक्यांत, पारपेक्षा 15 कमी अशी मजल मारली. अमेरिकेच्या नेली कोर्डाने 17 कमी अशी नोंद करून सुवर्णपदक मिळविले. जपानची मोने इनामी आणि न्यूझीलंडची लिडिया को 16 कमीवर बरोबरीत होत्या. अदिती चौथी आली. पदक आणि ती यांत केवळ एका फटक्याचे अंतर राहिले. पुढे 2023 साली हांगझो येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत तिने रौप्यपदक मिळविले. आशियाई स्पर्धेत गोल्फचे पदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला होय.

एका फटक्याची किंमत काय असते हे यावरून ध्यानी यावे. मातीत रुतलेला एक क्लब, जमिनीलगत धावलेला एक चेंडू, झाडीत हरवलेला एक चेंडू, आणि चार दिवसांचे परिश्रम निष्फळ होतात. पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. बळाने आपल्यापेक्षा वरचढ असलेल्यांच्या मेळाव्यात चौथे येता येते, ते चेंडू पुनःपुन्हा स्वच्छ मारता आला तरच. अंगबळ प्रत्येकाच्या वाट्याला सारखे येत नाही. वय, उंची, आजारपण यांवर माणसाची सत्ता चालत नाही. मागच्या हाताने केव्हा थांबावे आणि केव्हा सुटावे हे मात्र पंधरा वर्षांचा कॅडी आणि साठीचा निवृत्त गृहस्थ, दोघेही सारख्याच सरावाने शिकू शकतात.