पहिलीच्या वर्गानं शिकवलेलं

अकोला जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी रुजू झाले ती पहिलीच्या वर्गावर. पुढे आंतरजिल्हा बदली होऊन अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात आले. जूनच्या अखेरीस आपल्याकडच्या शाळा उघडल्या की नवे शिक्षक विचारतात, "मॅडम, ही लेकरं आवरायची कशी?" माझा अनुभव असा, की दिवस नीट आखला तर लहान मुलं आवरावी लागत नाहीत, ती आपसूक रुळतात.

१. आधी नाव, मग पुस्तक

हजेरीपटावर एक नाव असतं, घरी दुसरंच. पटावरच्या नावानं हाक मारली तर सहा वर्षांचं पोर मान वर करत नाही. पहिल्याच आठवड्यात दोन्ही नावं पाठ करा. "गप्प बसा" असं साऱ्या वर्गाला ओरडून सांगितलं की कुणीच ऐकत नाही. जवळ जाऊन, नाव घेऊन, हळू आवाजात सांगितलेलं मूल ऐकतं.

२. पुढे काय, हे मुलांना ठाऊक असू द्या

परिपाठ, हजेरी, गोष्ट, पाटीवरचं काम, खिचडी, खेळ हा क्रम रोज तोच ठेवा. "मले घरी जाचं हाये" म्हणून दाराशी रडणाऱ्या पोराला घड्याळ दाखवून उपयोग नसतो. मी फळ्याच्या कडेला खडूनं चित्रं काढते: पुस्तक, पाटी, ताट, चेंडू आणि शेवटी घर. एकेक काम उरकलं की त्याचं चित्र पुसायचं, आणि पुसायचा मान रडणाऱ्याचा. दोन चित्रं पुसून होईस्तोवर डोळे कोरडे होतात. घरी जायला किती उरलं, ते त्याला समोर दिसत असतं.

३. भांडण कुठं होतं ते बघा

वर्गातली निम्मी भांडणं ठरावीक जागी होतात. खिचडीआधी हात धुवायच्या नळाशी रोज ढकलाढकली व्हायची. व्हरांड्यात खडूनं एकामागे एक गोल काढले आणि एका गोलात एकानंच उभं राहायचं असं ठरवलं. ढकलणं थांबलं. आपला नंबर कितवा हे न कळल्यानं मुलं ढकलत होती.

४. घरची बोली वर्गात येऊ द्या

"मॅडम, त्यानं माही पाटी घेतली" असं सांगत आलेल्या मुलाची तक्रार आधी ऐका, त्याची भाषा सुधारू नका. पहिल्या दिवसांत बोली टोकली तर मूल बोलणंच सोडतं. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत तर घरची भाषा कोरकू, मुंडा गटातली. मराठीशी तिचं नातं नाही. तिथं गप्प बसलेलं पोर हट्टी नसतं, त्याला आपलं बोलणं समजलेलं नसतं. मी कोरकू मुलांकडूनच रोजच्या वापराचे शब्द शिकून घेतले. बाईला शिकवायला मिळतं म्हटल्यावर मागं बसणारी पोरंही पुढं सरकली.

५. हात रिकामे ठेवू नका

शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार साठपर्यंत मुलं असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. त्यामुळे खेड्यात पहिली-दुसरी एकाच खोलीत बसते. दुसरीला शिकवताना पहिलीच्या हाती चिंचोके, खडे, काड्या द्या. मोजू देत, रांगा लावू देत. लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्या सोबतीनं नूतन बालशिक्षण संघ उभा केला. महागड्या साधनांवाचून, गावात मिळणाऱ्या वस्तूंनी बालशिक्षण होतं, हे त्यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाडला करून दाखवलं. आपल्या शाळांना आजही तीच वाट परवडते.

६. छडी नको, धाक नको

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम मारण्याला आणि मानसिक छळाला बंदी करतं. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं, कारण धाकानं गप्प झालेलं मूल प्रश्न विचारत नाही आणि न विचारणारं मूल मागं पडतं. पाणी सांडलं तर फडकं द्यायचं. कुणाचं चित्र फाडलं तर दोघांनी मिळून चिकटवायचं.

७. पेरणीचे दिवस ध्यानात घ्या

शाळा उघडते तेव्हा शिवारात पेरणी चालू असते, मग डवरणी, निंदण. आई पहाटेच वावरात गेलेली, धाकट्या भावंडाला सांभाळायला पहिलीतली पोरगीच घरी. गैरहजेरीची चिठ्ठी पाठवण्यापेक्षा संध्याकाळी घरी जा. "तुमची पोरगी आज असती तर गोष्ट तिनंच सांगितली असती" एवढं बोललं तरी माय दुसऱ्या दिवशी तिला पाठवते, कधी धाकट्यासकट. त्यालाही बसू द्या.

८. घाई करू नका

पहिलीसाठी विद्याप्रवेश हा खेळातून शाळेची तयारी करून घेणारा ३ महिन्यांचा कार्यक्रम आहे. म्हणजे मुलांना रुळायला वेळ लागतो, हे शासनानंही धरलेलं आहे. तेवढा वेळ त्यांना द्या. शेजारच्या वर्गाचे धडे पुढे गेले तरी बिचकू नका. पोळ्याच्या सुमारास मुलं स्वतः पाट्या काढून कामाला लागलेली दिसली की समजा, आता शिकवायला सुरुवात करता येईल.