कबुली वगळली, मग उरलं काय?

१३ मार्च १९६३. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात दोन तासांच्या चौकशीनंतर अर्नेस्टो मिरांडाने पोलिसांना कबुलीजबाब लिहून दिला. कागदाच्या माथ्यावर मजकूर आधीच टाइप केलेला होता: आपले कायदेशीर हक्क पुरते ठाऊक असून राजीखुशीने लिहून देत आहे. वकील सोबत ठेवता येतो, हे मात्र त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पोलिसांनी खटल्यात तसं मान्यही केलं.

त्याचे वकील अल्विन मूर यांनी हा कागद पुराव्यात घ्यायला हरकत घेतली. ती फेटाळली गेली, अपहरण आणि बलात्काराबद्दल २० ते ३० वर्षांची शिक्षा झाली. पण हरकत नोंदीत राहिली. १९६६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा रद्द केली: चौकशीआधी गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क आरोपीला सांगितलाच पाहिजे. अपिलाला निघालेल्याने वकिलाला पहिल्यांदा हेच विचारावं, खालच्या कोर्टात हरकत घेतली होती का?

पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मिरांडा सुटला नाही! १९६७ मध्ये कबुलीजबाब बाजूला ठेवून खटला पुन्हा चालला. एकेकाळी त्याच्यासोबत राहणाऱ्या बाईने साक्ष दिली, की कोठडीत भेटायला गेल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं होतं. शिक्षा पुन्हा तेवढीच.

इकडे भारतात, त्याच १९६३ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाच्या बिहारमधल्या पालकोट ठाण्यात अघनू नागेसिया स्वतःच गेला आणि चार खुनांची फिर्याद देऊन आला, स्वतःविरुद्धच. फाशी झाली, हायकोर्टात कायम राहिली. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये पाहिलं, की पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही. तिच्यामुळे जे सापडलं तेवढ्यापुरताच भाग चालतो. तेवढ्यावर शिक्षा उभी राहीना. तो सुटला.

आपल्याकडे राज्यघटनेचं कलम २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून वाचवतं, आणि पोलिसांपुढच्या कबुलीची जुनी बंदी आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. म्हणून निकालपत्राची नक्कल हाती आली, की एक पेन्सिल घ्यावी आणि कबुलीवर टेकलेलं प्रत्येक वाक्य खोडत जावं. मग मेमोरँडम पंचनामा, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडल्याची पंचांसमोरची नोंद, काढावा: वस्तू आरोपीने दाखवली, की पोलिसांना आधीच ठाऊक होती? पंच उलटतपासात काय बोलले? अशा अपिलांचा खरा मजकूर बहुधा या दोन-तीन पानांत दडलेला असतो.