तिकिटावरची वेळ आणि हवेतली वेळ

शंका : मे महिन्यात आम्ही उभयता पोर्तुगाल-स्पेनला निघालो आहोत. तिकिटावर लिस्बनहून सकाळी 10 ला सुटून माद्रिदला 12.20 ला पोहोच आणि परतीला माद्रिदहून 10 ला सुटून लिस्बनला 10.20 ला पोहोच, असं छापलंय. वीस मिनिटांत विमान कसं पोहोचेल? एजंटला विचारलं, तर तो नुसता हसला. — एक वाचक, नाशिक

समाधान : तिकीट बरोबर आहे. एजंटनं हसण्यापेक्षा दोन वाक्यं बोलायला हवी होती. तिकिटावर नेहमी त्या त्या गावची वेळ छापतात आणि माद्रिदचं घड्याळ लिस्बनच्या एक तास पुढे असतं. त्यामुळे दोन्ही खेपांना वेळ सारखाच, 1 तास 20 मिनिटं. नकाशा पाहिलात तर माद्रिद ग्रीनिचच्याही पश्चिमेला आहे, म्हणजे घड्याळ खरं तर लंडनचं हवं. पण 1940 मध्ये फ्रँकोच्या राजवटीनं ते एक तास पुढे नेलं, ते आजतागायत मागे आलेलं नाही. पोर्तुगालनंही 1992 ते 1996 हा प्रयोग करून पाहिला आणि सोडून दिला. तुम्ही 1994 मध्ये गेला असता, तर ही शंकाच आली नसती!

शंका : लंडन हीथ्रो ते पॅरिस शार्ल द गोल हे अंतर जेमतेम 350 किलोमीटर. ताशी 800 च्या वेगानं अर्धा तासही लागू नये. मग तिकिटावर सव्वा तास का? — एक विद्यार्थी, पुणे

समाधान : कारण तो सव्वा तास हवेतला नाही. विमान गेटवरून हललं की वेळ सुरू आणि दुसऱ्या गेटला लागलं की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, त्यामुळे उड्डाणासाठी रांग ठरलेली. शार्ल द गोल एवढा अवाढव्य, की उतरल्यावरही विमान बराच वेळ जमिनीवरूनच धावत राहतं. शिवाय 10,000 फुटांखाली साधारणपणे 250 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 460 किलोमीटरची मर्यादा. एवढ्याशा अंतरात विमान वर चढतं न चढतं तोच उतरायला लागतं. पूर्ण वेग मिळणार कधी? त्यात 350 हे सरळ रेषेतलं अंतर, प्रत्यक्षातला मार्ग वळणं घेत जातो. उलट खेपेला हीथ्रोवर गर्दी असली, तर विमानं बोव्हिंग्डन, लँबर्न, ऑकम किंवा बिगिन यांपैकी एका ठिकाणी एकावर एक थरांनी घिरट्या घालत थांबतात. कंपन्या हे सगळं धरूनच वेळ छापतात. शहरातून शहरात जायचं असेल, तर मी तरी यूरोस्टार रेल्वेच घेईन. सव्वादोन-अडीच तासांत गाडी थेट पॅरिसच्या मध्यवस्तीत आणून सोडते.

शंका : लंडनहून अथेन्सला जाण्यापेक्षा येताना जास्त वेळ का दाखवतात? — एक वाचक, ठाणे

समाधान : वारा. युरोपच्या आकाशात त्या उंचीवर बहुतेकदा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, हिवाळ्यात अधिकच. सुमारे 2,400 किलोमीटरच्या प्रवासात जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. मात्र अथेन्सचं घड्याळ लंडनच्या दोन तास पुढे आहे. आधी तो फरक काढा, मगच तुलना करा. मुंबईहून लंडनला जाताना जास्त आणि परतताना कमी वेळ लागतो, तोही मुख्यतः याच वाऱ्यामुळे.