पाणीपट्टीचे गणित

प्रस्तावना

‘पाण्यासारखा पैसा खर्च करणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ आहे. हिशेब न ठेवता पैसा उधळणे, असा त्याचा अर्थ. पाणी विपुल आहे आणि त्याला मोल द्यावे लागत नाही, ही जुनी समजूत या वाक्प्रचाराच्या मुळाशी आहे. शहरात खानावळ, लाँड्री, चहाचे दुकान किंवा गाड्या धुण्याचे केंद्र चालविणाऱ्या माणसाला मात्र ही समजूत परवडत नाही. त्याच्या मासिक खर्चात जागेचे भाडे व विजेचे बिल यांच्याबरोबर पाणीपट्टीही असते आणि ती वाढत असते. ती का वाढते, घरापेक्षा दुकानाला अधिक का पडते आणि व्यावसायिकाच्या हाती काय उरते, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्ही—

- नळाच्या पाण्याच्या किमतीत कोणकोणते खर्च समाविष्ट असतात ते सांगू शकाल;
- घरगुती व व्यावसायिक दरांतील फरकाची कारणे स्पष्ट करू शकाल;
- पाण्याच्या देयकाची आकडेमोड करू शकाल;
- दरवाढीच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी विचार मांडू शकाल.

मूळ पाठ

1. नळापर्यंतचा प्रवास

पाऊस फुकट पडतो. नळाला येणारे पाणी फुकट येत नाही. मुंबईचे उदाहरण घेतले म्हणजे हे सहज ध्यानात येते. 1860 साली विहार तलावाचे पाणी नळांवाटे या शहरात आले. लोकवस्ती वाढली, तसा तो तलाव अपुरा पडू लागला. मग 1879 मध्ये तुळशी आणि 1892 मध्ये तानसा हे तलाव झाले. विसाव्या शतकात मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा व भातसा यांची भर पडली. 2014 साली मध्य वैतरणा धरण पूर्ण झाले. विहार आणि तुळशी हे दोन तलाव शहराच्या हद्दीत आहेत. उरलेले पाच जलाशय ठाणे, पालघर व नाशिक या जिल्ह्यांत, शहरापासून दूर आहेत.

शहराची तहान जशी वाढली, तसे पाणी दुरून आणावे लागले, आणि अंतर वाढले तसा खर्चही वाढला. भातसा प्रकल्पाचे पाणी पिसे येथे पंपांनी उचलून पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध केले जाते. भांडुपलाही मोठे शुद्धीकरण केंद्र आहे. पंपांसाठी वीज, शुद्धीकरणासाठी तुरटी व क्लोरीन, जुन्या जलवाहिन्यांची दुरुस्ती आणि कर्मचाऱ्यांचे वेतन, असे खर्च वर्षभर चालूच राहतात. राज्य शासनाच्या धरणांतून उचललेल्या पाण्याचे पैसे महानगरपालिकेला शासनाकडे भरावे लागतात. शिवाय वाटेत पाण्याची गळती होते, चोरीही होते. शुद्ध केलेले पाणी ग्राहकापर्यंत पोहोचलेच नाही, तरी त्यावरील खर्च झालेलाच असतो. तो अखेरीस देयक भरणाऱ्यांकडूनच वसूल होतो.

2. एकच पाणी, निरनिराळे दर

1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावी अनुसूची समाविष्ट झाली. नागरी संस्थांकडे सोपवता येतील अशा कामांची ही यादी आहे. घरगुती, औद्योगिक आणि वाणिज्यिक कारणांसाठी पाणीपुरवठा हे त्यांपैकी एक काम होय. तिन्ही कारणांसाठी लागणारे पाणी बहुधा एकाच जलवाहिनीतून येते. दर मात्र वेगळे असतात. 2022 साली मुंबईत ठरलेले दर दर हजार लिटरमागे पुढीलप्रमाणे होते:

- झोपडपट्टीतील घरे : 5.28 रुपये
- इमारतींतील घरे : 6.36 रुपये
- दुकाने व इतर वाणिज्यिक आस्थापना : 47.65 रुपये
- उद्योग व कारखाने : 63.65 रुपये
- तीन व त्याहून अधिक तारांकित हॉटेले : 95.49 रुपये
- बाटलीबंद पाणी व शीतपेयांचे कारखाने : 132.64 रुपये

घरात पाणी जगण्यासाठी लागते, व्यवसायात ते उत्पन्नासाठी वापरले जाते. म्हणून ज्याला त्यातून मिळकत होते त्याने अधिक भार उचलावा, हे या रचनेमागील तत्त्व आहे. व्यावसायिकाने भरलेल्या अधिक रकमेतून गरिबाघरचे पाणी स्वस्त राहते.

आता एक हिशेब पाहू. समजा, एका खानावळीला रोज 3,000 लिटर पाणी लागते. महिन्याला ते 90,000 लिटर, म्हणजे 90 एकके झाले. 47.65 रुपये दराने पाण्याचे 4,288 रुपये 50 पैसे होतात. वापरलेले पाणी गटारांतून वाहून नेण्यासाठी पाणीपट्टीच्या 70 टक्के मलनिःसारण आकार धरला, तर त्याचे 3,001 रुपये 95 पैसे होतात. एकूण देयक 7,290 रुपये 45 पैसे. तेवढेच पाणी इमारतीतील घराच्या दराने घेतले असते, तर पाण्याचे केवळ 572 रुपये 40 पैसे झाले असते.

3. दरवाढ

खर्च वाढेल त्या प्रमाणात पाणीपट्टी दरवर्षी जास्तीत जास्त आठ टक्क्यांपर्यंत वाढवण्याचे धोरण मुंबई महानगरपालिकेने 2012 साली स्वीकारले. 2022 ची वाढ 7.12 टक्के होती. आकडा लहान दिसतो. पण वरील खानावळीचे देयक तेवढ्याने महिन्याला सुमारे 485 रुपयांनी वाढले. दरवर्षी पूर्ण आठ टक्के वाढ होत राहिली, तर नऊ वर्षांत दर दुप्पट होतो. चक्रवाढ व्याजाचा नियम येथेही लागू पडतो.

मग दर वाढवूच नये काय? बंगळूरचा अनुभव याबाबत बोलका आहे. त्या शहराचे कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आणि कित्येक शे मीटर उंच चढवून आणावे लागते. त्यामुळे पाण्याच्या खर्चाचा मोठा भाग विजेवर जातो. तरीही तेथील दर 2014 नंतर अकरा वर्षे तसेच राहिले आणि 2025 साली घरगुती व व्यावसायिक, सर्वच ग्राहकांना एकदम वाढीला सामोरे जावे लागले. पुढे ढकललेला खर्च टळत नाही, तो साचत जातो.

4. दोन बाजू

छोट्या व्यावसायिकाची तक्रारही निराधार नाही. तारांकित हॉटेल वाढलेला खर्च आपल्या दरांत सहज मिसळते. खानावळवाल्याने मात्र थाळीमागे पाच रुपये वाढवले, तर रोजचा कामगार गिऱ्हाईक दुसरीकडे वळतो. दर वाढूनही पाणी कमी दाबाने आले, तर त्याला टँकर मागवावा लागतो आणि टँकरचे पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी महाग पडते. अशा वेळी तो एका गरजेचे मोल दोनदा देतो. म्हणून दरवाढीबरोबर गळती थांबवणे व पुरवठा नियमित ठेवणे, ही पालिकेची जबाबदारी ठरते.

या हिशेबात आणखी एक बाजू आहे आणि ती कोणत्याही देयकावर छापलेली नसते. मुंबईला पाणी देणारे भातसा व तानसा हे जलाशय ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहरातील नळ उगीच वाहतो, तेव्हा वाया जाणारे पाणी कोणाच्या तरी अंगणाजवळून आलेले असते.

5. व्यावसायिकाच्या हाती काय आहे?

दर ठरवणे ग्राहकाच्या हाती नाही. वापर त्याच्या हाती आहे. जलमापकाचा आकडा आठवड्यातून एकदा वहीत लिहून ठेवावा. रात्री सर्व नळ बंद करून आकडा पाहावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. तो पुढे सरकला असेल, तर कोठेतरी गळती आहे. तासाला 10 लिटर गळणारी टाकी महिन्यात 7,200 लिटर पाणी घालवते. वरील दराने मलनिःसारण आकारासह त्याचे 583 रुपये होतात. वर्षाचे सुमारे 7,000. तोटी बदलण्याचा खर्च याच्यापुढे क्षुल्लक होय. भांडी विसळलेले पाणी फरशी धुण्यास वापरता येते. देयकातील ग्राहकवर्ग योग्य आहे का, आकडा प्रत्यक्ष वाचून घेतला आहे की अंदाजाने लिहिला आहे, हेही तपासावे. चूक आढळल्यास नोंदींची वही दाखवून लेखी तक्रार करावी. ज्याच्याजवळ नोंद असते, त्याच्या तक्रारीला वजन येते.

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.

1. मुंबईत नळांवाटे प्रथम पाणी देणारा तलाव : (अ) तानसा (आ) विहार (इ) भातसा
2. दरवर्षी आठ टक्के वाढ होत राहिल्यास दर दुप्पट होण्यास लागणारा काळ : (अ) पाच वर्षे (आ) नऊ वर्षे (इ) वीस वर्षे

शब्दार्थ

आस्थापना – दुकान, कार्यालय इत्यादी व्यवसायाचे ठिकाण
एकक – मोजण्याचे परिमाण. येथे 1,000 लिटर
जलमापक – पाण्याचा मीटर
देयक – बिल
मलनिःसारण – सांडपाणी व मैला वाहून नेण्याची व्यवस्था
विपुल – भरपूर

भाषाभ्यास

‘पाणीपट्टी’ हा ‘पाणी’ आणि ‘पट्टी’ या शब्दांचा समास आहे. येथे ‘पट्टी’ म्हणजे कर किंवा वर्गणी. ‘घरपट्टी’ हा शब्द असाच तयार झाला आहे. ‘पाणी’ या शब्दावरून आलेले पुढील वाक्प्रचार वाक्यांत वापरा : पाणी पाजणे, पाण्यात पाहणे, तोंडचे पाणी पळणे.

आपण काय शिकलात?

- पाण्याच्या दरात अंतर, वीज, शुद्धीकरण, दुरुस्ती व गळती यांचा खर्च असतो.
- व्यावसायिक दर अधिक ठेवल्याने गरीब घरांचे पाणी स्वस्त राहू शकते.
- दरवाढ न्याय्य ठरण्यासाठी पुरवठा नियमित आणि गळती कमी असावी लागते.
- नोंद ठेवणारा ग्राहक बचतही करतो आणि जाबही विचारू शकतो.

स्वाध्याय

1. घरगुती व व्यावसायिक दरांत फरक का ठेवला जातो? चार-पाच वाक्यांत लिहा.
2. एका लाँड्रीला महिन्याला 40,000 लिटर पाणी लागते. पाठातील दराने मलनिःसारण आकारासह तिचे देयक काढा.
3. ‘छोट्या खानावळीला आणि मोठ्या दुकानाला पाण्याचा दर एकच असावा.’ या मताच्या बाजूने व विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे लिहा.
4. तुमच्या परिसरातील एखाद्या व्यावसायिकाला भेटा. त्याला पाणी कोठून मिळते व त्यावर किती खर्च होतो, याची माहिती दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे : 1. (आ) 2. (आ)